मसाला घरमा शे

रविवारची संध्याकाळ. नंदुरबारला वहिनींच्या स्वयंपाकघरात मी पाट टाकून बसलोय. बाहेरच्या खोलीत मुलांनी धोशा लावलाय : हॉटेलात जाऊ, शेवभाजी खाऊ. दादा हिशेब मांडतात. पाच माणसं, तीन प्लेट भाजी, रोट्या, जिरा राईस, पापड. सातशेच्या खाली बिल येत नाही, रिक्षा वेगळीच.

आजी दारातूनच विचारते, "मसाला घरमा शे ना? मंग हॉटेलमा कसाले जानं?"

वाद तिथंच मिटतो. थोरला शेव आणायला पळतो. "जाड, भाजीचीच आण," वहिनी मागून बजावतात. बारीक शेवेचा रश्श्यात लगदा होतो.

गॅसवर कांदे सालीसकट भाजले जातायत, शेजारी सुकं खोबरं. सगळं काळपट झालं की लसूण, आलं, कोथिंबीर घालून मिक्सरला. वहिनी वाटण तिप्पट करतात. एक वाटा आजचा, उरलेला स्टीलच्या डब्यातून फ्रीजमध्ये. मंगळवारी वांग्याला, गुरुवारी मटकीला. शेंगदाण्याच्या तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परततं, मग त्यात मसाला. वास घरभर होतो, आजीला ठसका लागतो.

हा मसाला यांचा स्वतःचा. नंदुरबारची मिरची बाजारपेठ राज्यातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी. हंगामात पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते, तेव्हा रानंच्या रानं लाल दिसतात. थंडी सरता सरता वहिनी वाळलेली मिरची घेतात, निवडतात, खडा मसाला भाजून वर्षाचं कांडून आणतात. मला वाटतं, आजचे पैसे खरे तेव्हाच वाचलेत. दिवसभर राबून आलेल्या बाईला रात्री आठला सगळं मुळापासून करावं लागलं, तर ती हॉटेलचाच रस्ता धरणार, आणि तिला बोल लावायचा कुणाला हक्क नाही. घरचं जेवण स्वस्त पडतं ते एकटीच्या जिवावर पडू नये. इथं दादा कणीक मळतायत, मुलगी कांदा-लिंबू चिरतेय, हे बघून फार बरं वाटतं.

रश्श्यात पाणी उकळतंच घालतात, म्हणजे तर्री वर येते. शेव मात्र पातेल्यात पडत नाही. ताटात घेऊन तिच्यावर रस्सा ओतायचा, लगेच खायचं. शेव, तेल, खोबरं, कणीक, भात, सगळं धरून दीडशेच्या आसपास खर्च.

एरवी खानदेशातल्या कितीतरी घरांसारखी इथंही रात्री खिचडीच असते. तांदूळ, तूरडाळ (भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची मिळाली तर सोन्याहून पिवळं), हळद, तिखट आणि कुकरच्या शिट्ट्या. ताटात वरून कच्चं शेंगदाणा तेल, जोडीला भाजलेला पापड, कांदा. पाच जणांचं पोट पन्नास-साठ रुपयांत भरतं. भाजीचा घाट नाही, पोळ्या लाटणं नाही.

जेवणं उरकल्यावर वहिनी पाचशेची नोट फडताळातल्या डब्यात टाकतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जायचंय, मुलांना घोडेबाजार बघायचाय. त्या दिवशी जेवण बाहेरच करायचं, हे आजीनंच ठरवून टाकलंय.