विंडोजमध्ये ‘डी’ ड्राइव्हची जागा ‘सी’ला कशी द्याल?

• स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. सगळी पार्टिशन आकारासह दिसतील.

• ‘डी’मधल्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, मगच ‘डिलीट व्हॉल्यूम’ करा.

• मोकळी जागा ‘सी’ला अगदी लागून उजवीकडे हवी. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल, तर जागा ‘सी’ला जोडणारा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय पुसटच राहतो.

• जुन्या एमबीआर डिस्कवर ‘डी’ लॉजिकल असेल, तर ती काढल्यावरही हिरवी चौकट उरते. तीही डिलीट केल्याशिवाय जागा ‘सी’कडे जात नाही.

• ‘ईएफआय सिस्टीम’ किंवा ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ असं लिहिलेल्या छोट्या पार्टिशनला हात लावू नका. ते गेलं तर विंडोज सुरूच होणार नाही.