आजीच्या साड्यांची लॉग केबिन गोधडी

स्तर ३ : वाचा आणि करून पाहा

मित्रांनो, तुमच्या घरी गोधडी आहे का? जुन्या साड्या, लुगडी, धोतरं एकावर एक ठेवायची आणि सुई-दोऱ्याने शिवायची, की झाली गोधडी! आमच्या कराडकडे तिला वाकळ म्हणतात. बाळासाठी छोटी शिवतात, ते दुपटं. सुती कापड धुऊन धुऊन मऊ होतं, म्हणून बाळाला ते टोचत नाही. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर एक पुस्तकच लिहिलं आहे.

माझ्या आजीने आम्हा सगळ्या नातवंडांना एकेक वाकळ शिवून दिली. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. मागच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली, इथेच जर्सी सिटीत. आजीची वाकळ न मिळणारं हे घरातलं पहिलंच बाळ. मी इंडिया स्क्वेअरमध्ये दोन चकरा मारल्या, पण मनासारखी भेट काही सापडेना. आई बाळंतपणासाठी आली होती. येताना तिने आजीच्या दोन सुती साड्या आणल्या होत्या, एक गडद हिरवी आणि एक फिकट पिवळी. मग ठरलं, आपणच शिवायची. अडचण एकच. मी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. शर्टाचं बटण लावण्यापलीकडे मला शिवण येत नव्हती.

लॉग केबिन म्हणजे काय?

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक अमेरिकन आजी राहतात. त्या क्विल्ट शिवतात. क्विल्ट म्हणजे इथली गोधडीच म्हणा ना! त्यांनी मला 'लॉग केबिन' हा नमुना शिकवला.

लॉग केबिन म्हणजे लाकडी ओंडक्यांचं घर. अब्राहम लिंकन यांचा जन्म १८०९ मध्ये केंटकीत अशाच घरात झाला. १८६० च्या दशकात हा नमुना अमेरिकेत लोकांना फार आवडू लागला. मध्ये एक छोटा चौकोन असतो आणि त्याच्याभोवती ओंडक्यांसारख्या पट्ट्या लावत जातात. मधला चौकोन बऱ्याचदा लाल असतो. ती घरातली चूल, असं सांगतात. दोन बाजूंना फिकट पट्ट्या म्हणजे चुलीचा उजेड, आणि दोन बाजूंना गडद पट्ट्या म्हणजे सावली.

कृती

१. साड्या धुवा, खळ घाला आणि इस्त्री करा. खळ घातली की मऊ कापड कापताना सरकत नाही. मग साडी उजेडासमोर धरा. जिथे ती विरली असेल, तो भाग वापरू नका.

२. लाल कापडाचे २.५ इंचांचे ९ चौकोन कापा. मी बहिणीचा जुना कुर्ता वापरला. साड्यांच्या २ इंच रुंद पट्ट्या कापा. एका मोठ्या चौकोनाला एकूण ८४ इंच लांब पट्टी लागते.

३. लाल चौकोनाला एक फिकट पट्टी शिवा. चौकोन फिरवा. दुसरी फिकट, मग गडद, मग पुन्हा गडद. हा झाला एक फेरा. असे तीन फेरे करा. प्रत्येक शिवण पाव इंचाचीच हवी.

४. तीन फेऱ्यांनंतर ११.५ इंचांचा चौकोन तयार होतो. असे ९ चौकोन तीन-तीनच्या ओळींत जोडा. गोधडी साधारण ३३ इंच लांब आणि तेवढीच रुंद होते.

५. खाली अस्तर, मध्ये उरलेल्या साडीचे दोन-तीन थर आणि वर हे चौकोन ठेवा. सगळं मिळून धावदोऱ्याने शिवा. शेवटी कडेला गोट लावा.

माझी चूक

पहिला चौकोन मी जुन्या चादरीचा करून पाहिला. बरं झालं! माझी शिवण पाव इंचापेक्षा जरा जास्त होती. किती जास्त? फक्त इंचाचा आठवा भाग. पण प्रत्येक जोडावर तेवढं कापड आत जात राहिलं आणि शेवटी चौकोन ११.५ ऐवजी १० इंचांचा झाला. खरं तर पट्ट्या लांब पडत होत्या, तेव्हाच थांबायला हवं होतं. मी मात्र जास्तीची टोकं कापत पुढे गेलो.

मग खऱ्या साडीची वेळ आली. कात्री हातात घेतली, पण कापवेना. आमच्या कामात चूक झाली तर मागे जाता येतं. कापडाला ती सोय नाही. आई म्हणाली, "अरे, कपाटात ठेवलीस तरी ती विरणारच. तुझ्या आजीने तरी लुगडी कुठे जपून ठेवली? फाडली, म्हणून तर तुम्हाला वाकळी मिळाल्या." मी साडी कापली.

धावदोरा आईने शिकवला. आजी कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनात फिरत मध्यावर यायची. लॉग केबिनच्या पट्ट्या मध्यापासून कडेला जातात. आमच्या गोधडीत दोन्ही आहे.

एक लक्षात ठेवा. एक वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण ठेवू नये, असं इथले डॉक्टर सांगतात. म्हणून ही गोधडी जमिनीवर अंथरायची आणि जागं बाळ त्यावर खेळवायचं.

सव्वा महिन्यानंतर बारसं झालं. आईने हिरव्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाके वाकडे आहेत. आजीने उसवायला लावले असते." पण गोधडीची घडी तिने बराच वेळ मांडीवरच ठेवली होती.

शब्दार्थ

विरणे : कापड जुनं होऊन पातळ होणे
खळ : कापड कडक करण्यासाठी वापरायचं पिठाचं पाणी
अस्तर : खालच्या किंवा आतल्या बाजूचं कापड
धावदोरा : सुई खाली-वर करत घातलेले साधे, सरळ टाके
गोट : कडेला शिवलेली पट्टी
उसवणे : घातलेले टाके काढणे

प्रश्न

१. लेखकाचा पहिला चौकोन लहान का झाला?
२. आईने साडी कापायला का सांगितलं? तुम्हाला तिचं म्हणणं पटतं का?
३. तुमच्या घरातल्या कोणत्या जुन्या कपड्याची गोधडी कराल? पाच वाक्यं लिहा.