गाडीचं ऑइल आपणच पाहू

रोवणीचे दिवस आहेत, कोणालाच फुरसत नाही. तरी थोडा वेळ द्या. आज धानाबद्दल नाही, धुऱ्यावर उभ्या असलेल्या आपल्या गाडीबद्दल बोलू.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंची मोटारसायकल भर रस्त्यात बंद पडली. गटाच्या कर्जातून घेतलेली जुनी गाडी, तिच्यावर त्या गावोगाव भाजी विकत. किक जागची हलेना. मिस्त्रीनं इंजिनखालचा नट खोलला, तर लिटरभर ऑइल असायचं तिथे अर्धी वाटीही निघालं नाही. पिस्टन घासून जाम झाला होता. दुरुस्तीत कर्जाच्या चार हप्त्यांएवढे पैसे गेले, महिनाभर धंदा बुडाला, आणि हप्ता तर थांबत नाही. ऑइल कधी पाहिलं होतं, असं विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "पेट्रोल तर मी रोज पाहत होती."

ही चूक त्यांच्या एकटीची नाही. पूर्वी घरोघरी लुना होती. ती टू स्ट्रोक. तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळे पेट्रोल भरलं की काम झालं. आताच्या मोटारसायकली आणि स्कूटी फोर स्ट्रोक आहेत. असं इंजिन जर्मनीच्या निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये चालवून दाखवलं. त्यात पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल ओढतो, वर येताना ते दाबतो, ठिणगी पडली की जोरात खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर काढतो. चार हालचाली, म्हणून फोर स्ट्रोक. याचं ऑइल पेट्रोलमध्ये नसतं, इंजिनच्या तळाशी वेगळं असतं. ते हळूहळू जळतं, कुठे झिरपतं, आणि बऱ्याच साध्या गाड्यांत ते कमी झाल्याचा दिवाही लागत नाही. म्हणून ते आपणच पाहायचं.

कसं पाहायचं? गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा. इंजिनच्या बाजूचं काडी लावलेलं झाकण काढा. काडी स्वच्छ फडक्यानं पुसा. बहुतेक गाड्यांत ती न फिरवता नुसती आत टेकवून बाहेर काढायची असते, पण गाडीच्या पुस्तकात एकदा पाहून घ्या. काडीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेपर्यंत आलं असेल तर थोडं थोडं भरा, वरच्या खुणेच्या वर नको. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे. मग गाडी चालवू नका, ऑइल बदला.

एक काळजी घ्या. मोटारसायकलचं आणि स्कूटीचं ऑइल एक नसतं. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, स्कूटीचा कोरडा असतो. स्कूटीचं ऑइल मोटारसायकलमध्ये टाकलं तर क्लच घसरू शकतो. डब्यावर पाहा: मोटारसायकलला एमए, स्कूटीला बहुधा एमबी.

दुसरी गोष्ट एअर फिल्टर, म्हणजे हवेची गाळणी. मोटोक्रॉस नावाची शर्यत असते, माती-चिखलाच्या मैदानावर गाड्या उड्या मारत धावतात. त्या फोर स्ट्रोक गाड्यांची देखभाल किलोमीटरवर नाही, इंजिन किती तास चाललं त्यावर ठरते. थोड्याच तासांत ऑइल बदलतात आणि मैदानावरून परत आलं की फिल्टर साफ करतात, कारण आत गेलेली धूळ पिस्टनला कानशीसारखी घासते. सालेकसा-देवरीकडचे आपले पांदण रस्ते उन्हाळ्यात धुळीचे, पावसाळ्यात चिखलाचे. पुस्तकातले किलोमीटर चांगल्या रस्त्याचे असतात. आपण ऑइल आणि फिल्टर त्याआधीच पाहावं. फोमचा फिल्टर धुता येतो, कागदाचा धुवायचा नाही, बदलायचा.

धुरावरूनही कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतं आहे, कदाचित फिल्टर तुंबला आहे. इंजिनमधून टिकटिक वाढली तर व्हॉल्व्हची सेटिंग मिस्त्रीकडून तपासून घ्या. ते काम इंजिन थंड असताना करतात, म्हणून गाडी सकाळी न्या. चेन आपण साफ करू शकतो, पण इंजिन बंद ठेवून. चालू गाडीच्या चेनला फडकं लावलं तर बोट जातं.

नाल्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर तिथेच किक मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतला दांडा वाकू शकतो. गाडी ढकलत बाहेर काढा आणि मिस्त्रीला दाखवा.

गॅरेजमध्ये ऑइलचा डबा आपल्यासमोर फोडायला सांगा, बदललेला जुना भाग मागा, बिल घ्या. यात भांडण नाही, हिशेब आहे, आणि हिशेब तर आपल्याला येतो. घरी ऑइल बदललं तर जुनं ऑइल नाल्यात किंवा बांधीत ओतू नका. तिथून ते मामा तलावात जातं, आणि त्या तलावातल्या मासळीवर कितीतरी घरं चालतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.

त्या ताईंची गाडी आता पुन्हा चालू आहे. तेव्हापासून आमच्या मासिक बैठकीला ज्या बाया गाडीनं येतात, त्या आधी अंगणात काडी काढून ऑइल पाहतात. मग आत येऊन आम्ही वही उघडतो. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीला हे करून पाहा.