वैद्यकीय प्रवेशाची तयारी केव्हां करावी?

सोलापुरांत १९६३ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथील दार आतां ‘नीट’ परीक्षेनेंच उघडतें. २०२५ सालीं तींत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, पैकीं निम्मे जीवशास्त्राचे. अभ्यासक्रम अकरावी-बारावी दोहोंचा; सबब अकरावीचें वर्ष विसाव्याचें समजूं नये. प्रश्नपत्रिका मराठींतही मिळते.

अर्ज परीक्षेपूर्वीं कांहीं महिने भरावा लागतो. दाखल्यांविषयीं मात्र आम्हांस पालकांशींच बोलावयाचें आहे. अधिवासाचा दाखला, आणि राखीव जागेसाठीं जातपडताळणी, हे कागद निकालानंतर पाहूं म्हणणारे ऐन प्रवेशाच्या वेळीं कचेरीच्या पायऱ्या झिजवितात, आणि गुण असूनही जागा हातची जाते. पडताळणीस महिने लागूं शकतात. अर्ज अकरावींतच द्यावा. प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षें पूर्ण होतात कीं नाहीं, तेंही तेव्हांच पाहावें.