आधी फ्लॉपी, मग संगणक

पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा परिसर म्हणजे धानाचा पट्टा. तलाव आणि बोड्या तुडुंब भरतात, आषाढ-श्रावणात कपाटातल्या वह्यासुद्धा सर्दावतात आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे धावतो. अशा हवेत एखाद्या शाळेच्या, कार्यालयाच्या किंवा छापखान्याच्या माळ्यावर १९८०च्या दशकातला संगणक आणि शेजारी फ्लॉप्यांचा डबा सापडला, तर कुणालाही आधी प्लग लावून बघावंसं वाटतं. तो मोह टाळायला हवा. संगणकाचे भाग आजही मिळतात, एका यंत्रातले काढून दुसऱ्यात बसवता येतात. फ्लॉपीवर जे लिहिलेलं आहे, त्याची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात फ्लॉपीपासून व्हावी, यंत्राचा नंबर नंतर.

भारतातल्या शाळांमध्ये असे संगणक मोठ्या संख्येने आले ते 'क्लास' योजनेमुळे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने प्रायोगिक स्वरूपात ती सुरू केली आणि तिच्यातून सुमारे १२ हजार 'बीबीसी मायक्रो' राज्य सरकारांमार्फत शाळांपर्यंत पोचले. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१मध्ये बाजारात आणलेलं हे यंत्र सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांच्या चमूने घडवलं होतं. ६५०२ प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ, स्मृती ३२ किलोबाइट. मोहालीच्या 'सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड' या सरकारी कंपनीमार्फत ते 'युनिकॉर्न' या नावानेही आपल्याकडे आलं. खेड्यातल्या मुलांच्या बोटांना कीबोर्ड लागावा, ही कल्पना त्या काळात फार मोठी होती. त्या मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम, शिक्षकांनी बनवलेले धडे हा आपल्या शिक्षणाच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि तो जपण्याची जबाबदारी आपलीच आहे, असं मला मनापासून वाटतं.

हा दस्तऐवज ज्यावर लिहिलेला आहे ती सव्वापाच इंची फ्लॉपी म्हणजे पातळ प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि हे चुंबकीय कण एका बंधक द्रव्याने चिकटवलेले असतात. कणांचं चुंबकत्व चाळीस वर्षांतही बऱ्यापैकी टिकतं. खरी भीती बंधकाची आहे. हवेतली वाफ वर्षानुवर्षं शोषून त्याचे रेणू तुटतात, थर मऊ आणि चिकट होतो. सर्द खोलीत त्यावर बुरशीही धरते. अशी चकती ड्राइव्हमध्ये फिरवली की हेड तिच्यावरचा थर खरवडून काढतं, आणि त्याबरोबर माहितीही जाते. ड्राइव्हमधून चिरका आवाज आला तर त्याच क्षणी थांबावं.

म्हणून आधी डोळ्यांनी तपासणी. मधलं भोक धरून चकती हलकेच फिरवावी आणि पाकिटाच्या खिडकीतून पूर्ण फेरी बघावी. बुरशीचे ठिपके दिसले तर पाकिटाची एक कड कापून चकती बाहेर काढतात, डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाने धुतात, पूर्ण सुकवतात आणि कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात घालून वाचतात. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावं, पावसाळ्यात मुळीच नको. आणखी एक काळजी: कडेची छोटी चौकोनी खाच चिकटपट्टीने झाका. सव्वापाच इंची फ्लॉपीत ती खाच बंद असली की तिच्यावर काही लिहिलं जात नाही.

ड्राइव्हचंही थोडं करावं लागतं. हेड ज्या दांड्यांवर सरकतं त्यांचं ग्रीस वाळून घट्ट होतं आणि हेड शून्याव्या ट्रॅकपर्यंत, म्हणजे चकतीवरच्या सर्वांत बाहेरच्या वर्तुळापर्यंत, पोचतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनं ग्रीस पुसून नवं अगदी नावाला लावायचं. हेडही त्याच अल्कोहोलने पुसायचं, आणि प्रत्येक फ्लॉपीनंतर पुन्हा पुसायचं.

आता वाचन. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग. चुंबकत्वाची दिशा जिथे पालटते, तिथेच हेडमध्ये विजेचा सूक्ष्म ठोका उमटतो. बीबीसी मायक्रोच्या मूळ पद्धतीत प्रत्येक बिटाला ८ मायक्रोसेकंदांचं घर दिलेलं असतं. घराच्या सुरुवातीला एक ठोका ठरलेलाच, आणि मध्ये आणखी एक आला तर तो बिट १, न आला तर ०. म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर एकतर ४ मायक्रोसेकंद किंवा ८. जीर्ण फ्लॉपीत हे अंतर घसरून ६च्या आसपास येतं, तेव्हा जुन्या संगणकातली कंट्रोलर चिप बुचकळ्यात पडते आणि चूक दाखवून मोकळी होते.

इथे आजच्या छंदिष्टांनी फार मोलाचं काम केलं आहे. कीर फ्रेझर यांचं 'ग्रीझविझल' नावाचं छोटं सर्किट जुन्या ड्राइव्हची ३४ तारांची पट्टी यूएसबीला जोडतं. ते बिटांचा अर्थ लावत बसत नाही. ठोक्यांमधली अंतरं मोजतं आणि जशीच्या तशी साठवतं. चकतीला मोजके फेरे दिले की ती विश्रांतीला जाते. पुढचा सगळा तर्क आपल्या लॅपटॉपवर हवा तितक्या वेळा करता येतो. तो बरोबर आला का, हेही कळतं, कारण ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे सेक्टरच्या, शेवटी दोन बाइटांची तपासणी-संख्या लिहिलेली असते.

बीबीसी मायक्रोच्या ४० ट्रॅकच्या फ्लॉपीच्या एका बाजूवर मावतं १०० किलोबाइट. सुरुवातीच्या दोन सेक्टरांमध्ये जास्तीत जास्त ३१ फाइलींची नावं असतात. ही यादीच खराब झाली तरी आशा सोडू नये, कारण या पद्धतीत प्रत्येक फाइल सलग लिहिलेली असते. यादी नसली तरी मजकुराचा माग काढता येतो.

यंत्राचं काम तुलनेने सरळ आहे. पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या वाटेवर 'रिफा' बनावटीचे कागदी कंडेन्सर असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला तडे जातात, आत ओल शिरते आणि वीज लावल्यावर ते दणक्यासरशी फुटून खोलीभर धूर करतात. म्हणून वीज लावण्याआधीच ते बदलावेत. उघड्या पॉवर सप्लायला जाणत्या कारागिरानेच हात लावावा. पहिल्यांदा वीज देताना बिघाड असलाच तर प्रवाह आवरला जावा म्हणून तो वाटेत सिरीज बल्ब जोडेल, हे सांगायलाच नको.

फ्लॉपी वाचली, तरी मराठी मजकुराचं काम तिथे संपत नाही. बीबीसी मायक्रोवर २२४ ते २५५ या क्रमांकांची ३२ चिन्हं वापरणाऱ्याला स्वतः आखता येत, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. अशी देवनागरी अक्षरं कुणी आखली असतील, तर २२४ म्हणजे 'क' की 'म', हे ती आखणी करणारा प्रोग्रॅमच सांगू शकतो. म्हणून फक्त मजकुराची फाइल वाचवून भागत नाही, अख्ख्या फ्लॉपीची नक्कल हवी. पुढे १९९१मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरलं. त्यात 'क'चा क्रमांक १७९ आहे आणि सगळी अक्षरं ठरलेल्या जागी आहेत, त्यामुळे इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणं सोपं आहे.

छापखान्यांतल्या फ्लॉप्या मात्र इतक्या सोप्या नाहीत. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांमध्ये अक्षरांची मांडणी ज्या त्या फॉन्टची असे. लग्नपत्रिका, स्मरणिका, गावोगावचे दिवाळी अंक त्यातच जुळवले गेले. फॉन्टचं नाव आणि आवृत्ती माहीत असेल तर रूपांतर होतं, नसेल तर एकेक चिन्ह छापील प्रतीशी ताडून बघावं लागतं. तेव्हा डबा सापडला की लेबलांचे फोटो काढा, त्याच मजकुराची छापील प्रत शोधून सोबत ठेवा आणि त्या काळी डीटीपी करणारी व्यक्ती गावात असेल तर तिला भेटून फॉन्टचं नाव विचारून घ्या. हे काम पावसाळ्यातही करता येतं.