आधी वारा, मग पारा

मे महिन्यात कुडव्यात येत्या आठवड्याचं हवामान विचारलं, की उत्तर एका आकड्यात मिळतं. बेचाळीस राहणार, चव्वेचाळीसवर जाणार, नवतप्यात त्याच्याही पुढे. वर्तमानपत्रातली चौकट, मोबाइलवरचं अ‍ॅप आणि पानठेल्यावरची चर्चा, तिन्ही ठिकाणी भर पाऱ्यावर असतो. पण गोंदिया शहराला लागून असलेल्या या गावाचा आठवडा कसा जाणार, हे कमाल तापमानावरून फारसं कळत नाही. ते वाऱ्याच्या दिशेवरून कळतं. उन्हाळ्यात विदर्भावर दोन वारे येतात. वायव्येकडून, राजस्थान आणि मध्य प्रदेशावरून येणारा वारा कोरडा आणि भाजणारा असतो. आग्नेयेकडून, बंगालच्या उपसागरावरून येणारा दमट असतो. दोन्ही जिथे भेटतात तो कमी दाबाचा पट्टा बऱ्याचदा विदर्भातून थेट दक्षिणेत उतरलेला असतो, आणि तो चार दिवस पूर्वेला, चार दिवस पश्चिमेला सरकत राहतो. गोंदिया जिल्हा विदर्भाच्या अगदी पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर आहे. त्यामुळे अकोल्याला कोरडी लाट असते त्याच दुपारी इकडे ढग जमू लागतात. पूर्व विदर्भात उष्णतेचा अंदाज आणि वादळाचा अंदाज हे मुळात एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत: येत्या दिवसांत कोणता वारा जोर धरणार?

हा फरक वेधशाळेच्या आवारातल्या पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत डोळ्यांनी दिसतो. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरच्या या पेटीत दोन तापमापक शेजारी-शेजारी असतात. एकाचा फुगा उघडा, दुसऱ्याचा मलमलीच्या ओल्या कापडात गुंडाळलेला. कापडाची वात खाली पाण्याच्या कुपीत सोडलेली. हवा कोरडी असेल तर कापडातलं पाणी भराभर उडतं आणि ओला तापमापक खूप खाली उतरतो. सकाळी साडेआठला निरीक्षक दोन्ही वाचतो आणि त्यांतल्या अंतरावरून हवेतला दमटपणा काढतो. आता हिशेब पाहा. ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर तोच सुमारे २९ दाखवतो. अंगावरचा घाम आणि खिडकीतल्या कूलरचं गवत, दोन्ही चालतात ते याच ओल्या तापमापकाच्या नियमाने. म्हणून ४४ च्या दिवशी कूलर खोली गार करतो आणि ३८ च्या दिवशी नुसती ओली, चिकट हवा फेकतो. चौकटीत मात्र दुसरा दिवस सहा अंशांनी सुखाचा दिसतो. राइस मिलमध्ये पोती उचलणाऱ्याला किंवा स्लॅबवर काम करणाऱ्याला तो सुखाचा नसतो. सावलीत बसूनही त्याच्या अंगावरचा घाम वाळत नाही.

उष्णतेची लाट जाहीर करण्याचे निकषही नीट पाहिले पाहिजेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं, किंवा सरळ ४५ अंश गाठलेलं हवं. तेही हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. इथली मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या वर असल्याने ४३-४४ अंशांचा अख्खा आठवडा 'लाट' या शब्दाशिवाय निघून जातो. हवामान खात्याकडे 'उष्ण रात्र' असाही निकष आहे: कमाल तापमान ४० किंवा त्याहून अधिक आणि किमान तापमान सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त. आठवड्याच्या अंदाजात मला रात्रीच्या तापमानाचा हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि लोकांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटतो तोही हाच. दमट वारा आला, रात्री ढग राहिले, की जमिनीची उष्णता वर निघून जात नाही. वाढत्या सिमेंटच्या वस्तीत तर भिंती पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतात. रात्री शरीराला उसंत मिळाली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं तेच ऊन जास्त घातक ठरतं.

मेमध्ये उन्हाळी धान कापणीला येतो, तेव्हा वाऱ्याचा प्रश्न थेट पैशाचा होतो. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पडून वाळायला हव्यात, मग पुंजणे रचायचे, मग मळणी. हार्वेस्टर लावला तर हे टप्पे टळतात, पण दाणा ओलसर निघतो आणि तो अंगणात नाहीतर रस्त्याच्या कडेला पसरून वाळवावा लागतो. आधारभूत खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. एका सरीने ती ओलांडली जाते. जंगलपट्ट्यात याच दिवसांत तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर वाळत घातलेला असतो आणि त्यालाही पाणी चालत नाही. या माणसांना पारा ४२ की ४३ याने काहीच फरक पडत नाही. मंगळवारी कापायचं की शुक्रवारपर्यंत थांबायचं, एवढंच त्यांना ठरवायचं असतं.

यावर लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: पाऊस सांगतात तेव्हा ऊन पडतं, मग वाऱ्याचं तरी काय खरं? यातला बराचसा राग शब्दांच्या गैरसमजातून येतो. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस सांगितला आणि कुडवा कोरडा राहिला, तर अंदाज चुकला असं होत नाही. आमगाव किंवा सालेकसा भिजला असू शकतो. उरलेला राग मात्र रास्त आहे. उष्ण हवेचा थर शेकडो किलोमीटर पसरलेला असतो, म्हणून तापमान चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येतं. वादळी ढग काही किलोमीटरांचा, तास-दोन तासांत उगवून संपणारा. तो नेमका कोणत्या गावावर फुटणार हे आठवडाभर आधी कोणीच सांगू शकत नाही. पण दमट वारा कधीपासून येणार, म्हणजे असे ढग उठण्याजोगे दिवस कोणते, हे तीन-चार दिवस आधी कळतं. कापणीचा निर्णय घ्यायला तेवढं पुरतं. ढग उठल्यावरचं काम नागपूरच्या रडारचं, तासा-तीन तासांच्या इशाऱ्याचं आणि विजेसाठी 'दामिनी' अ‍ॅपचं आहे. दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: सूर्य रोहिणीत गेला की नवतपा, तो तापला की पाऊस चांगला, यापलीकडे काय हवं? ही गणना ऋतूची चाहूल अचूक देते, कारण ती सूर्याच्या जागेवर उभी आहे. पण २५ मेच्या आसपास सुरू होणाऱ्या या नऊ दिवसांत एखाद्या वर्षी कोरडी आग असते, एखाद्या वर्षी रोज संध्याकाळी वादळ. सूर्य तर दरवर्षी त्याच जागी असतो. बदलतो तो वारा.

सोय नाही असंही आता म्हणता येत नाही. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार अंदाज आणि इशारे देतं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला निघतो. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा पाच दिवसांचा अंदाज सुरू झाला आहे. त्यात तापमान आणि पावसाबरोबर वारा, ढग आणि आर्द्रताही असते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेली सहा किलोमीटर चौकटीची प्रणाली वापरात आली. चौकट बारीक झाली म्हणून कुडव्यावरचं वादळ घड्याळ लावून सांगता येईल, असा दावा कोणी करू नये. पण वाऱ्याची दिशा, रात्रीचं तापमान आणि दमटपणा या तीन ओळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी लिहायला खर्च खडूचाच आहे. कमाल तापमान त्यांच्या खाली, चौथ्या ओळीत असलं तरी चालेल.