दुःखाचं कारण : एकट्याचं की सगळ्यांचं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एकाच पंधरवड्यात पाच-सहा घरांत डेंग्यूचे पेशंट निघाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ज्याचे त्याचे भोग, बाबा." मला कळेना, भोग ज्याचे त्याचे असतील तर ते सगळ्यांचे एकाच पंधरवड्यात कसे आले?

नंतर लक्षात आलं, हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय, 'जनपदोद्ध्वंसनीय', यावरच उभा आहे. स्थळ पांचाल देशातलं काम्पिल्य, गंगेचा काठ, उन्हाळा संपत आलेला. पुनर्वसू आत्रेय शिष्यांना म्हणतात, मोठी रोगराई येण्याची चिन्हं आहेत, वनस्पतींमधला रस जाण्याआधी औषधं गोळा करून ठेवा. त्यावर अग्निवेश विचारतो : माणसांची प्रकृती, आहार, शरीर, बळ, सवयी, मन, वय हे सगळंच वेगवेगळं असतं, मग एकच रोग एकाच वेळी सगळ्यांना कसा मारतो?

रिसर्च क्वेश्चन कसा मांडावा हे शिकायचं असेल तर हा प्रश्न दोनदा वाचा. सात व्हेरिएबल वेगळे, परिणाम मात्र एक. म्हणजे कारण त्या सातांत सापडणार नाही, सगळ्यांना समान असं काही शोधायला हवं. आत्रेयांचं उत्तरही तसंच आहे : वायू, पाणी, देश आणि काल. हा क्रमही विचारपूर्वक लावलेला. पुढचं पुढचं टाळायला अधिक कठीण.

इथवर विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मजा वाटते. अग्निवेश मात्र थांबत नाही. हे चार बिघडतात तरी कशाने? उत्तर : अधर्म किंवा पूर्वी केलेलं असत् कर्म, आणि दोन्हींचं मूळ प्रज्ञापराध. प्रज्ञापराध म्हणजे बुद्धी, धीर आणि स्मृती ढळल्यामुळे हातून घडणारी चूक. कळत असूनही आपण करतो ती यातच आली. पण अधर्माची सुरुवात ग्रंथ कुठून करतो? देशाच्या, नगराच्या प्रमुखांपासून. ते प्रजेशी अधर्माने वागले की खालचे अधिकारी, नागरिक, व्यापारी तो वाढवत नेतात आणि मग ऋतू, वारा, पाणी बिघडतं. आजारी पडलेल्या माणसाकडे बोट दाखवून विषय संपवण्याची सोय इथे नाही. 'कर्म' हा शब्द आपण दुसऱ्याच्या दुःखावर, त्यातही गरिबाच्या, किती सहज चिकटवतो हे आठवलं की हा फरक लहान वाटत नाही.

पण लगेच 'आपल्याकडे साथरोगशास्त्र आधीच होतं' असं लिहू नका, प्लीज. चरकात जंतू-विषाणूंचा आजचा सिद्धांत नाही, आणि राजाच्या अधर्माने वारा बिघडतो हे आपण प्रयोगशाळेत तपासू शकत नाही. प्रश्नाची बांधणी घ्या, उत्तराचा प्रत्येक दुवा सिद्ध झाला असं धरू नका.

मग प्रारब्धाचं काय? तेही याच अध्यायात आहे. पूर्वजन्मीचं कर्म ते दैव, या जन्मीचं ते पुरुषकार. दोन्हींतलं बलवान असेल ते दुसऱ्याला मागे सारतं. आयुष्य आधीच ठरलेलं असतं तर औषध कशाला घ्यायचं, पिसाळलेल्या हत्तीसमोरून बाजूला कशाला व्हायचं, असा सरळ युक्तिवाद आहे. शिवाय गाडीच्या आसाचा दाखला : चांगला आस झिजत झिजत आपल्या वेळेला मोडतो, पण ओझं जास्त झालं किंवा रस्ता खराब असला की अवेळी मोडतो.

आणखी एक. सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'दुःखाकडे पाहण्याचा हिंदू दृष्टिकोन' एवढंच लिहिलंत तर गाइड विचारणारच, कुठला? सांख्य दुःखाचे तीन प्रकार करतं आणि मूळ प्रकृती-पुरुषातल्या अविवेकाकडे नेतं. योगसूत्रांत अविद्या हे इतर क्लेशांचं शेत आहे. चरक वैद्य आहे, त्याच्यासमोर खोकणारा माणूस बसलाय. ग्रंथ निवडा, शक्यतो अध्यायही निवडा.

आमच्या गल्लीतली उघडी टाकी ऑगस्टच्या शेवटी एकदाची झाकली गेली. वर्गणीचे पहिले शंभर रुपये काकूंचे होते.